तीन दरवाजा : दगडावर कोरलेला लेकीचा हक्क

अहमदाबादच्या जुन्या शहरात, भद्र किल्ल्याच्या पूर्वेला, भर बाजारात तीन कमानींचा दगडी दरवाजा उभा आहे. १४११ मध्ये हे शहर वसवणाऱ्या सुलतान अहमदशहाने तो बांधला. किल्ल्यापुढच्या शाही मैदानात शिरायची वाट इथूनच होती. मधली कमान १७ फूट रुंद, बाजूच्या दोन १३-१३ फूट. आधाराच्या भिंतींवरचं कोरीवकाम आजही डोळ्यांत भरतं.

पण थांबून पाहावा तो इथला देवनागरी शिलालेख. मराठा अमलात, १८१२ साली, सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी तो कोरवून घेतला. लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत बिनहरकत वाटा द्यावा, असा हा हुकूम. तो मोडणाऱ्या हिंदूला महादेवापुढे आणि मुसलमानाला अल्लापुढे जाब द्यावा लागेल, अशी ताकीदही त्यात आहे.

हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला तो महाराष्ट्रात १९९४ मध्ये, तर देशभर २००५ मध्ये. तीन दरवाज्यावरचा हुकूम त्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधीचा. अहमदाबादला गेलात, तर तो जरूर पाहा आणि लेकीबाळींनाही दाखवा.