युगांडातील अबायुदाया

पूर्व युगांडात एल्गॉन पर्वताच्या पायथ्याशी म्बाले नावाचे शहर आहे. भोवतीच्या टेकड्यांवर केळी आणि कॉफीच्या बागा आहेत. तेथील काही शेतकरी कुटुंबे शुक्रवारी सूर्य मावळला की कुदळ खाली ठेवतात आणि शनिवारी तिला हात लावीत नाहीत. लुगांडा भाषेत ती स्वतःस ‘अबायुदाया’, म्हणजे यहुदाची माणसे, म्हणवितात. इथिओपियातील बेटा इस्राएल समाजाप्रमाणे प्राचीन वंशाचा दावा ती सांगत नाहीत. त्यांचे पूर्वज यहुदी झाले ते १९१९ साली, आणि तेही केवळ ग्रंथ वाचून!

या घटनेच्या मुळाशी सेमेई काकुंगुलू हा पुरुष आहे. हा बागांडा सेनानी ख्रिस्ती झालेला होता आणि पूर्वेकडील मोठा मुलूख त्याने इंग्रजांना जिंकून दिला. त्याबदली तेथील राजपद मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. ते मिळाले नाही. साम्राज्यांचे काम झाले की सरदारांचे असेच होते. निराश काकुंगुलू औषधोपचार वर्ज्य मानणाऱ्या मालाकी पंथात शिरला आणि बायबल अधिक बारकाईने वाचू लागला. जुन्या करारात सुंतेची आज्ञा आहे. मग ती पाळायची का नाही, असा त्याचा सरळ प्रश्न होता. सुंता ही यहुद्यांची रीत आहे, असे पंथीयांनी बजावले. तर मग आपण यहुदीच, असे त्याने ठरविले. १९१९ मध्ये त्याने स्वतःची व मुलांची सुंता केली आणि अनुयायांसह वेगळी वाट धरली. १९२२ साली त्याने लुगांडा भाषेत नियमांचा ग्रंथही सिद्ध केला. योसेफ नावाच्या एका परदेशी यहुद्याने काही महिने राहून सणांची कालगणना आणि आहाराचे नियम शिकविले. तोपर्यंत या मंडळींना सारे आपल्या बुद्धीने उलगडावे लागले होते.

काकुंगुलू १९२८ साली वारला. पुढे फूट पडली आणि संख्या ओसरू लागली. खरा घाला पडला तो १९७१ मध्ये सत्तेवर आलेल्या इदी अमीनच्या काळी. यहुदी धर्माचरणास बंदी झाली, प्रार्थनामंदिरे बंद पडली. पुष्कळांनी ख्रिस्ती वा इस्लाम धर्म पत्करला. उरलेल्यांनी दारे लावून, दबक्या आवाजात प्रार्थना चालू ठेवली. १९७९ साली अमीनची सत्ता कोसळली, तेव्हा काही हजारांच्या या समाजात सुमारे ३०० माणसे उरली होती. पुढील दशकात काही तरुणांनी नाबुगोये टेकडीवर त्याची पुन्हा जुळवाजुळव केली.

पण यहुदी कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न सुटला नव्हता. कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्राएलांनाही तो चुकला नाही. इस्राएलमध्ये विवाहाच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणावर शंका घेतली गेली आणि १९६४ साली आंदोलन करून त्यांना समान मान्यता मिळवावी लागली. त्यांच्यापाशी निदान शतकांची परंपरा होती. अबायुदायांपाशी होती तीन पिढ्यांची निष्ठा. २००२ साली अमेरिका व इस्राएल येथून आलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींपुढे सुमारे ४०० जणांनी विधिपूर्वक धर्मांतर केले. कित्येकांना हे अवमानास्पद वाटले. जन्मापासून जे पाळले त्यातच पुन्हा प्रवेश कसला? पुट्टी गावच्या मंडळींनी तर ऑर्थोडॉक्स मार्गच धरला.

याच समाजातील गेर्शोम सिझोमू लॉस एंजेलिस येथे शिकून २००८ साली रब्बी झाले आणि २०१६ मध्ये युगांडाच्या संसदेवर निवडून आले. त्याच वर्षी नाबुगोयेवर नवे प्रार्थनामंदिर उभे राहिले. परंतु इस्राएलच्या गृहखात्याने यानंतरही त्यांच्यातील अर्जदारांस स्थायिक होण्याचा हक्क नाकारला. इकडे टेकडीवर मात्र २००४ साली यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान शेतकऱ्यांनी मिळून कॉफीची सहकारी संस्था काढली. तिचे नाव ‘मिरेंबे कावोमेरा’, म्हणजे रुचकर शांती.