मतभेदांची रीत : लोकनायक अणे आणि आपण

‘मतभेद असावेत, मनभेद नसावेत’ हे वाक्य आपल्याकडे व्यासपीठावरून इतक्या वेळा उच्चारले जाते, की ते ऐकताना कुणाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. वणीत जन्मलेल्या आणि यवतमाळात वकिली केलेल्या एका माणसाने मात्र या वाक्याची किंमत मोजली. ते म्हणजे लोकनायक माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे.

बापूजी टिळकांच्या पठडीतले. विधिमंडळांवरील बहिष्कार त्यांना रुचला नाही. जयकर, केळकर, मुंजे यांच्यासह त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा मार्ग धरला. गांधीजींशी असलेला हा वाद उघड होता. तरीही १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. १९३४ मध्ये जातीय निवाडा स्वीकारायचाही नाही आणि नाकारायचाही नाही, अशी भूमिका काँग्रेसने घेतली, तेव्हा मालवीयजींसह त्यांनी वेगळा पक्ष उभा केला.

खरी कसोटी पुढेच होती. १९४१ साली अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ऑगस्ट १९४२ च्या धरपकडीनंतरही ते तेथेच राहिले. हा डाग त्यांच्या चाहत्यांनीही पुसू नये. १० फेब्रुवारी १९४३ रोजी आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू झाले. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. आठवड्याभरात अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. अण्यांनी गांधीजींचा मार्ग स्वीकारला होता असे नव्हे. ज्याच्याशी आयुष्यभर वाद घातला, त्याच्या प्राणांशी खेळणाऱ्या सरकारात बसणे त्यांना मान्य नव्हते, एवढेच.

आज अमेरिकेकडे बोट दाखवणे सोपे आहे. ६ जानेवारी २०२१ रोजी तेथील संसदभवनावर जमाव चालून गेला, हे सर्वांनी पाहिले. त्याच देशात ऑक्टोबर २००८ मधील एका प्रचारसभेत एक बाई ओबामांना ‘अरब’ म्हणाल्या, तेव्हा उमेदवार मॅकेन यांनी त्यांच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला. ओबामा सभ्य कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, आपले मतभेद मूलभूत प्रश्नांवर आहेत, असे त्यांनी स्वतःच्याच समर्थकांना सुनावले. काही ठिकाणी सभेत त्यांची हुर्योही झाली. २०१८ साली मॅकेन यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या अंत्यविधीत ओबामा बोलले.

आणि आपण? जानेवारी २०१९ मध्ये याच यवतमाळात ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते. संमेलन उधळण्याची धमकी येताच आयोजकांनी ते निमंत्रण मागे घेतले. सहगल यांची राजकीय मते येथे बसलेल्या अनेकांना पटणारी नाहीत. म्हणूनच त्या यायला हव्या होत्या. त्यांचे भाषण पुढे वृत्तपत्रांत छापून आले आणि व्यासपीठावरून जेवढ्यांनी ऐकले असते, त्याहून अधिकांनी ते वाचले असावे. मात्र समोरासमोर, नावानिशी, मराठीत त्यांचे मुद्दे खोडून काढण्याची संधी अण्यांच्या गावाने हातची घालवली.