गुण : एक शब्द, अनेक पदर
(सराफा बाजार, लष्कर-ग्वाल्हेर येथील गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आज आपण ‘गुण’ या रोजच्या शब्दाविषयी बोलणार आहोत. ताप उतरला की आपण म्हणतो, काढ्याचा गुण आला. मूल शहाण्यासारखे वागले की ते गुणी बाळ. दंगा केला की उधळले गुण! लग्न ठरवताना ३६ पैकी किती गुण जुळले ते पाहतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, तर वाण नाही पण गुण लागतो. शाळेत मात्र आपल्या मुलांना ‘नंबर’ मिळतात. गुण मिळतात ते पुण्या-मुंबईच्या भावंडांना.

एवढे अर्थ आले कोठून? संस्कृतात गुण म्हणजे दोरा, दोरीचा पदर, धनुष्याची दोरीसुद्धा. दुपदरी ते द्विगुण, तिपदरी ते त्रिगुण. पाढ्यांतला गुणाकारही याच घराण्यातला. सराफ्यात मंगळसूत्र गाठवायला देताना आपण वाट्या आणि मणी निरखतो. सगळे पेलणाऱ्या दोऱ्याकडे कोणी पाहत नाही. तो दोरा म्हणजे गुण.

हा अर्थ धरला की गीतेचा १४ वा अध्याय उलगडतो. सत्त्व, रज आणि तम हे तिन्ही गुण जिवाला बांधतात, असे भगवंत तेथे सांगतात. सत्त्व तर चांगले, मग ते बांधील कसे? गुण म्हणजे दोरी हे आठवले की उत्तर मिळते. तम आळसाने व झोपेने बांधतो, रज कर्माच्या ओढीने, आणि सत्त्व सुखाच्या व ज्ञानाच्या आसक्तीने. बेडी सोन्याची असली तरी बेडीच.

पुढे गुणातीताचे लक्षण येते : मातीचे ढेकूळ, दगड आणि सोने त्याला सारखेच. सराफा बाजारात उभे राहून हे सांगणे धाडसाचे! पण म्हणून सराफाने कसोटी टाकून द्यावी असे नाही. कस अचूक लावावा, भाव चोख सांगावा. मनाचा तोल मात्र काट्याबरोबर खालीवर होऊ देऊ नये. अथर्वशीर्षात गणपतीला तिन्ही गुणांपलीकडचा म्हटले आहे, ते याच अर्थाने.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लष्कर वसले, त्याला दोनशे वर्षे उलटून गेली. इतका काळ आपल्या घरांनी मराठी सांभाळली. आता मुले ‘औषधाने फायदा झाला’ म्हणतात. त्यात वाईट काही नाही. पण गुण म्हणजे फक्त चांगुलपणा, एवढेच त्यांना ठाऊक राहिले, तर अथर्वशीर्ष पाठ होईल आणि कळणार नाही.

म्हणून या दहा दिवसांत एवढे करू या. आवर्तनानंतर, प्रसाद वाटण्यापूर्वी, मुलांना विचारू या, ‘गुण’चे किती अर्थ सांगता येतात? जो जास्त सांगेल त्याला एक मोदक जास्त.

गणपती बाप्पा मोरया!