बंदराचे मुख : स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील जुनी मच्छीमार बंदरे



जमिनीवरून फिरणाऱ्या प्रवाशाला जुने मच्छीमार बंदर हे एक रमणीय चित्र वाटते. दगडी धक्के, रंगीत नौका, वाळत घातलेली जाळी, अरुंद गल्ल्या आणि एखादे लहानसे वस्तुसंग्रहालय एवढे पाहून तो समाधानाने परततो. मोटर यॉटमधून, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या खासगी सफरीच्या नौकेतून, त्याच बंदराकडे येणाऱ्या माणसाला मात्र प्रथम निराळाच प्रश्न पडतो. आत शिरावयाचे कसे? बंदराचे मुख किती रुंद आहे, या घटकेला तेथे पाणी किती खोल आहे आणि वारा कोणत्या दिशेचा आहे, या तीन गोष्टी समजल्याखेरीज त्याला पुढे जाता येत नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील काही बंदरांचा इतिहास आज याच तीन प्रश्नांच्या अनुरोधाने पाहावयाचा आहे. कारण या प्रश्नांची उत्तरे चुकल्यामुळे, अथवा योग्य उत्तर देण्याजोगे बंदरच नसल्यामुळे, तेथील शेकडो मच्छीमारांना घराच्या दारात प्राण गमवावे लागले.

उत्तरेस विकपासून दक्षिणेस इंग्लंडच्या सरहद्दीपर्यंतचा हा किनारा पूर्वेकडे, उत्तर समुद्राला सामोरा आहे. पश्चिम किनाऱ्यावर जमिनीत खोलवर घुसलेल्या खाड्या व त्यांच्यापुढे बेटांचा आडोसा आहे. पूर्वेकडे काही मोठ्या नदीमुखांचा अपवाद सोडल्यास नैसर्गिक निवारा थोडाच. तरीही थोड्याथोड्या अंतरावर दगडी बांधांनी वेढलेली लहान लहान बंदरे येथे आढळतात. त्यांना कारण झाला हेरिंग हा मासा. आपल्या तारलीचा हा आप्त उन्हाळ्यात प्रचंड थव्यांनी किनाऱ्याजवळ येत असे आणि रात्री पाण्याच्या पृष्ठभागाकडे वर येत असे. मच्छीमार संध्याकाळी निघत, पडद्यासारखी जाळी पाण्यात सोडून रात्रभर त्यांच्यासह वाहत राहत आणि पहाटे परतत. धक्क्यावर स्त्रिया मासळी चिरून मिठात घालून पिंपांत भरीत. ही पिंपे जर्मनी, रशिया व बाल्टिक प्रदेशापर्यंत जात. मासळी ताजी असतानाच खारवावी लागे, म्हणून बंदर मासळीच्या जवळ हवे होते. ते वादळात सुरक्षित असावे, हा विचार मागे पडला.

विक या गावाची घडण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मत्स्यव्यवसायास उत्तेजन देण्यासाठी १७८६ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश फिशरीज सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे नवे बंदर व त्यालगत पुल्टनीटाउन ही आखीव वसाहत उभारली. तिचा आराखडा टॉमस टेल्फर्ड या विख्यात अभियंत्याचा होता. शतकाच्या मध्याला हंगामाच्या दिवसांत येथे हजारावर नौका जमत. बंदर भरभराटीला आले खरे, परंतु ज्या उपसागरात ते वसले त्याचे तोंड पूर्वेकडे उघडे होते, आणि ओहोटीच्या वेळी प्रवेशमार्गावर फारसे पाणी राहत नसे.

१८ ऑगस्ट १८४८ रोजी संध्याकाळी नित्याप्रमाणे नौका बाहेर पडल्या. रात्री आग्नेयेकडून वादळ उठले. जाळी टाकून वा ओढून घेऊन नौका बंदराकडे धावल्या, तेव्हा भरती ओसरली होती. मुखाशी पाणी उथळ आणि लाटा फुटणाऱ्या, अशा स्थितीत काही नौका धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर उलटल्या. त्या एका रात्रीत या किनाऱ्यावर १२४ नौका व सुमारे १०० माणसे गेली. त्यांपैकी ३७ माणसे एकट्या विकची होती. भरतीच्या वेळी वादळ आले असते तर त्यांतील कित्येक वाचली असती.

या दुर्घटनेची चौकशी नौदलातील कॅप्टन जॉन वॉशिंग्टन यांनी केली. १८४९ सालच्या त्यांच्या अहवालात दोन दोषांवर मुख्यतः बोट ठेवलेले आहे. पहिला दोष नौकांचा. त्या डेक नसलेल्या, म्हणजे वरून उघड्या होत्या. मोठी लाट आत आली की नौका भरून जाई. दुसरा दोष बंदरांचा. ओहोटीलाही आत येता येईल इतके खोल बंदर त्या लांबलचक किनाऱ्यावर क्वचितच होते. हे दोन दोष परस्परांत गुंतलेले होते, हे ध्यानात घ्यावयास हवे. डेक बसविला की नौका जड होते आणि पाण्यात अधिक खोल बुडते. उथळ बंदरात ती आणावयाची कशी? उघडी नौका हलकी असे, वल्ह्यांनी चालविता येई व तिच्यात मासळीही अधिक मावे. मच्छीमारांनी सुधारणेला विरोध केला तो केवळ हट्टाने केला असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. नौकेचा आकार बंदराने ठरविला होता. बंदर बदलल्याखेरीज नौका बदलणे त्यांच्या हाती नव्हते.

बंदर बदलणेही सोपे नव्हते. विकच्या उपसागराला आडोसा देणारा बांध घालण्याचे काम १८६३ साली टॉमस स्टीव्हन्सन यांनी हाती घेतले. दीपगृहे बांधणाऱ्या घराण्यातील हे नामांकित अभियंता. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले त्यांचे पुत्र रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे १८६८ साली उमेदवारी करीत असताना या कामावर राहिले होते आणि पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्रतळाशीही उतरले होते. डिसेंबर १८७२ मधील वादळाने बांधाच्या टोकाचा सुमारे १,३५० टनांचा एकसंध भाग जागचा उचलून ढकलून दिला. त्याच्या जागी सुमारे २,६०० टनांचा भाग बसविण्यात आला, तोही १८७७ साली गेला. अखेरीस काम सोडून द्यावे लागले. त्या बांधाचे अवशेष उपसागरात अद्याप आहेत. आज विकच्या बंदरात सफरी नौकांसाठी सोयीची जागा आहे, पण तेथे पोहोचण्यापूर्वी नौकाचालकाला या भग्न दगडांपासून दूर राहावे लागते. पूर्वेचा जोरदार वारा असेल तर आत शिरण्याचा विचारच त्याला सोडून द्यावा लागतो.

विकहून दक्षिणेस निघालेली नौका मोरे फर्थ हे विस्तीर्ण आखात ओलांडून सुमारे ७० सागरी मैलांवरील पीटरहेडला येते. ताशी ८ सागरी मैलांच्या बेताच्या गतीने हा नऊ तासांचा प्रवास होतो, आणि खेकडे व शेवंड पकडण्यासाठी टाकलेल्या पिंजऱ्यांचे दोर पंख्यात अडकू नयेत म्हणून किनाऱ्यालगत डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. पीटरहेडचे दृश्य निराळे आहे. दोन प्रचंड बांधांनी येथील अवघा उपसागर कवेत घेतला आहे. संकटात सापडलेल्या जहाजांना कोणत्याही वेळी आसरा मिळावा या हेतूने १८८६ साली यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. १८८८ मध्ये येथे तुरुंग सुरू झाला. कैद्यांनी जवळच्या खाणीतून ग्रॅनाइट काढावयाचा, खास टाकलेल्या लोहमार्गावरून तो आणावयाचा व बांध रचावयाचा, अशी योजना होती. काम पुरे व्हावयास १९५६ साल उजाडले. ज्यांना स्वतःला मोकळीक नव्हती अशांच्या तीन पिढ्यांच्या श्रमातून हा आसरा निर्माण झाला आहे. पीटरहेड आज ब्रिटनमधील सर्वांत मोठे मासळीबंदर आहे. यॉट तेथे आली की चालकाने बिनतारी यंत्रावरून बंदर-नियंत्रकाची अनुज्ञा घ्यावयाची आणि मासेमारी नौकांना वाट द्यावयाची, असा शिरस्ता आहे.

आणखी दक्षिणेस, फोर्थच्या मुखाशी फाइफच्या किनाऱ्यावर अँस्ट्रदर हे गाव आहे. याचे बंदर ओहोटीला बहुतांश कोरडे पडते, त्यामुळे पाहुण्या नौकेला भरतीचे वेळापत्रक पाहूनच यावे व जावे लागते. येथील स्कॉटिश फिशरीज म्यूझियम १९६९ साली सुरू झाले. १९०२ साली बांधलेली ‘रीपर’ ही फिफी जातीची शिडाची नौका या संग्रहालयाने जतन केली आहे. सुमारे ७० फूट लांबीची आणि डेक असलेली ही नौका पाहिली म्हणजे १८४८ नंतरच्या अर्धशतकात केवढा पालट झाला याची कल्पना येते. समुद्रात गेलेल्या मच्छीमारांच्या स्मृतीसाठी याच संग्रहालयात एक स्वतंत्र खोली राखलेली आहे. हेरिंगचा सुकाळही पुढे सरला. अतोनात मासेमारीमुळे थवे इतके घटले की १९७७ साली उत्तर समुद्रातील हेरिंगची मासेमारी काही वर्षांसाठी बंद करावी लागली.

फोर्थचे मुख ओलांडून सुमारे ३० सागरी मैलांवर आयमथ लागते. त्याचे मुख म्हणजे खडकांच्या मधून गेलेला अरुंद कालवाच आहे, आणि त्याच्यापुढे हर्कर नावाचे खडक उभे आहेत. १४ ऑक्टोबर १८८१, शुक्रवार. त्याआधी अनेक दिवस हवा खराब असल्याने नौका धक्क्याला बांधून होत्या आणि घरांत मिळकत नव्हती. सकाळ शांत उजाडली. बंदरावरील वायुभारमापकाचा पारा मात्र फार खाली उतरला होता. ती खूण मच्छीमारांना कळत नव्हती असे नाही. तरीही नौका बाहेर पडल्या, कारण आणखी एक दिवस बसून राहणे परवडणारे नव्हते. दुपारी अकस्मात झंझावात आला. काही नौका खोल समुद्रात गेल्या, तर काही घराकडे वळल्या आणि मुखासमोरील खडकांवर फुटल्या. धक्क्यावर जमलेल्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत हे घडले. त्या दिवशी या किनाऱ्यावर १८९ मच्छीमार मरण पावले. त्यांपैकी १२९ आयमथचे होते. खुल्या समुद्रात राहून वादळाशी झुंजलेली ‘एरियल गॅझेल’ ही नौका मात्र नंतर आपल्या माणसांसह सुखरूप परतली. या वेळी नौकांना डेक होते. वॉशिंग्टन यांनी दाखविलेला पहिला दोष दूर झाला होता, पण दुसरा तसाच राहिला होता.

आजचा यॉटचालक आयमथला येतो तेव्हा त्याच्यापाशी खोली दाखविणारे यंत्र असते, हवामानाचा अंदाज असतो आणि मार्गदर्शक पुस्तक असते. उत्तर ते पूर्व या दिशांचा जोराचा वारा असल्यास आत शिरू नये, असे ते पुस्तक स्पष्टपणे बजावते. या साधनांचा उपयोग होतो तो चालकाला ‘आज नको’ असे म्हणता येत असेल तरच. तो दुसऱ्या बंदरात थांबू शकतो, दोन दिवस उशिरा निघू शकतो, वारा पडेपर्यंत समुद्रातच दूर राहू शकतो. सफरीवर निघालेल्या माणसाला हे स्वातंत्र्य आपोआप लाभते. ते सुरक्षिततेचे पहिले साधन आहे याची जाणीव त्याला सहसा नसते. १८८१ च्या तांडेलापाशी वायुभारमापक होता, अनुभवही होता, परंतु थांबण्याची ऐपत नव्हती.

म्हणून या बंदरांना भेट देणाऱ्याने धक्क्यावरील नौकांची छायाचित्रे अवश्य घ्यावीत, संग्रहालयेही पाहावीत, परंतु एकदा ओहोटीच्या वेळी मुखाशी जाऊन उभे राहावे. तेथे पाणी किती उरते आणि खडक किती जवळ आहेत हे पाहावे. आपली नौका इथून आत आली ती वारा व भरती दोन्ही अनुकूल होती म्हणून, हे त्याला तेथे समजेल. ही दोन्ही प्रतिकूल असतानाही ज्यांना पोटासाठी येथूनच ये-जा करावी लागली, त्यांच्या धैर्याचे आणि त्यांच्यावरील अन्यायाचे मोजमाप त्यानंतरच त्याला करता येईल.