17 जुलै : मोबाइलवरच्या चित्रांचा दिवस



मोबाइलवर आपण रोज हात जोडतो, हसरा चेहरा पाठवतो, अंगठा दाखवतो. नखाएवढ्या या चित्रांना इमोजी म्हणतात. त्यांचाही एक दिवस असतो. 17 जुलै, जागतिक इमोजी दिन. त्या दिवशी ना शाळेला सुट्टी, ना बँकेला. कुठल्या सरकारने तो जाहीर केलेला नाही, तरी देशोदेशी लोक तो साजरा करतात. हा दिवस आला कुठून आणि आपल्या गटाने त्यातून काय घ्यायचं, ते आज बोलू या.

इमोजी हा जपानी शब्द. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. 1999 मध्ये जपानच्या डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी अशी 176 चित्रं तयार केली. तेव्हाच्या फोनवर निरोप छोटाच लिहिता यायचा, चित्राने तो थोडक्यात भागायचा. 2010 मध्ये युनिकोड या संस्थेने इमोजी आपल्या यादीत घेतले. त्यामुळे एका कंपनीच्या फोनवरून पाठवलेलं चित्र दुसऱ्या कंपनीच्या फोनवरही दिसतं.

पुढे जेरेमी बर्ज यांनी इंटरनेटवर इमोजींचा कोश सुरू केला. कोणत्या चित्राचा अर्थ काय, ते त्यात बघायला मिळतं. त्यांनीच 2014 मध्ये हा दिवस सुरू केला. तारीख 17 जुलैच का? अॅपल कंपनीच्या फोनवर कॅलेंडरचं जे चित्र आहे, त्यावर 17 जुलै छापलेलं असतं. अॅपलने आपलं कॅलेंडर 2002 मध्ये त्याच तारखेला जाहीर केलं होतं. एवढंच कारण! आधी गंमत म्हणून लोकांनी एकमेकांना चित्रं पाठवली. मग कंपन्यांनी नवी चित्रं त्याच दिवशी दाखवायला सुरुवात केली. 2017 मध्ये तर न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर इमोजीसारखी पिवळी रोषणाई झाली.

पण ही नुसती गंमत नाही. यादीत कोणती चित्रं असावीत, यासाठी बायकांनाही मागणी करावी लागली. शेतकरी बाईचं चित्र आलं 2016 मध्ये. साडी आली 2019 मध्ये. मासिक पाळीसाठी चित्र हवं, म्हणून इंग्लंडमध्ये प्लॅन इंटरनॅशनल या संस्थेने मोहीम काढली. पहिली मागणी नाकारली गेली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि 2019 च्या यादीत रक्ताचा थेंब आला. असा प्रस्ताव कुणालाही पाठवता येतो.

आता अंगठ्याकडे वळू. कॅनडातल्या एका शेतकऱ्याला धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने जवस विक्रीच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला. त्याने उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र टाकलं. पुढे भाव वाढला आणि ठरलेला माल त्याने दिला नाही. 'मला करार मिळाला, एवढंच मी अंगठ्याने कळवलं,' असं त्याचं म्हणणं. 2023 मध्ये कोर्टाने तो अंगठा सही म्हणून धरला आणि त्याला सुमारे 82 हजार डॉलर भरपाई द्यायला लावली.

निकाल कॅनडातला असला, तरी आपण विचार करायला हवा. आपल्या आया-आज्या कागदावर अंगठा उठवायच्या, तेव्हा 'आधी वाचून घे' असं म्हणणारं कुणीतरी लागायचंच. गटाच्या व्हॉट्सअॅपवर कर्जाचा निरोप येतो आणि पाठोपाठ दहा अंगठे पडतात. त्यातली कोणी म्हणते 'वाचलं', कोणी म्हणते 'मंजूर'. एखादीने तर निरोप उघडूनही पाहिलेला नसतो. उद्या हप्ता थकला, तर त्या अंगठ्याचा अर्थ कोण सांगणार?

म्हणून आमचं म्हणणं असं. येत्या 17 जुलैला, नाहीतर त्या महिन्याच्या बैठकीत, दहा मिनिटं काढा. गटापुरतं ठरवून टाका की अंगठा म्हणजे फक्त 'निरोप मिळाला'. पैशाची मंजुरी बैठकीतच, ठराव मोठ्याने वाचून, वहीत सही करून. बैठकीला येता आलं नाही, तर आपल्या आवाजात निरोप पाठवा आणि पुढच्या बैठकीत सही करा. जिला लिहिता येत नाही, तिलाही बोलता येतंच. गटाबाहेरून कुणी कराराचा किंवा कर्जाचा कागद पाठवला, तर आधी विचारा आणि मगच उत्तर द्या.

हसरे चेहरे, फुलं, दिवे मात्र हवे तेवढे पाठवा. त्यांना काही व्याज लागत नाही!