ब्रेक दाबून मिळणारा जोर
(मंडळाच्या सभेतील भाषण)



मी सरकारी खात्यात गाड्यांची देखभाल बघतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, म्हणून हा विषय माझ्याकडे आला. खरं कारण वेगळं. मागच्या पावसाळ्यात भालकीजवळच्या कच्च्या रस्त्यावर माझ्या पुतण्याने रॅलीचा व्हिडिओ बघून हँडब्रेक ओढला. गाडी ओढ्यात गेली. हात मोडला, जीव वाचला.

रॅलीचा चालक वळणावर डाव्या पायाने ब्रेक दाबतो, उजवा ॲक्सिलरेटरवरच. वजन पुढच्या चाकांवर येतं, तिथली पकड वाढते, टर्बोचा दाबही पडत नाही. २०२२ ते २०२४ या काळात जागतिक स्पर्धेच्या वरच्या गटातल्या गाड्यांत १.६ लिटर इंजिनाला १०० किलोवॅटची मोटर जोडलेली होती. ब्रेक लावताना बॅटरी भरायची, वळणातून निघताना तीच वीज गाडीला रेटायची. दोन्ही मिळून जोर ५०० अश्वशक्तीच्या वर! नीट ब्रेक न दाबणाऱ्याला पुढचा रेटाच नाही. खर्च आणि गुंतागुंत फार, म्हणून २०२५ पासून ती मोटर काढली. मला तरी हळहळ वाटली.

पण त्यांचा रस्ता इतरांना बंद असतो. आधी दोनदा फिरून प्रत्येक वळण वहीत उतरवलेलं असतं, शेजारचा ते वाचून दाखवतो. आपल्या हुमनाबाद रस्त्यावर वळणापलीकडे बिनदिव्याची उसाची बैलगाडी उभी असते.

पुतण्या इथेच बसलाय. रविवारी त्याला मोकळ्या मैदानात ताशी वीसच्या वेगाने ब्रेक शिकवणार आहे. कोणाला यायचं असेल तर घरी विचारून या.