चोर सोडून संन्याशाला फाशी : मिश्र त्वचेसाठी काय घ्यावं, काय टाळावं

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)

तुमच्याकडून सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आज घेतेय. प्रत्येकीचे शब्द वेगळे, पण मुद्दा एकच. "ताई, माझं कपाळ आणि नाक दुपारी बारापर्यंत नुसतं चकाकायला लागतं, आणि गाल मात्र चेहरा धुतला की ओढल्यासारखे होतात. मग मी तेलकट त्वचेचं घेऊ की कोरड्या त्वचेचं?"

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. क्रीम-लोशन बनवणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलंय. त्यामुळे डबीच्या आत काय असतं आणि डबीवर काय लिहिलेलं असतं, ह्यातलं अंतर मला ठाऊक आहे. त्वचेच्या आजाराचं मात्र डॉक्टरांनाच विचारायचं. ते मी शेवटी सांगणारच आहे, कारण हा भाग करायला घेतला तोच एका मुलीमुळे.

तर, कॉम्बिनेशन स्किन, म्हणजे मिश्र त्वचा. हा काही आजार नाही. तेलाच्या ग्रंथी चेहऱ्यावर सगळीकडे सारख्या नसतात. कपाळ, नाक, हनुवटी, हा जो इंग्रजी 'टी' अक्षरासारखा पट्टा आहे तिथे त्यांची दाटी असते, गालांवर कमी. म्हणजे थोड्याफार फरकानं आपण सगळेच मिश्र. कोरडी, तेलकट, अशी गिऱ्हाइकांच्या त्वचेची वर्गवारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकप्रिय केली ती हेलेना रुबिनस्टाइन ह्या बाईंनी, आणि त्या क्रीम विकायच्या! वर्गवारी अगदीच खोटी नाही, पण ती दुकानाच्या सोयीची आहे हे लक्षात ठेवा. तुमचा चेहरा काही एका फळीवर मावत नाही.

आता ह्या ग्रंथी चालतात हार्मोनच्या हुकमावर. वयात येताना चेहरा तेलकट होतो तो त्यामुळेच. फेसवॉशचं त्या ग्रंथींना काही कळत नाही. तुम्ही दिवसातून दोनदा धुवा की सहादा, वर आलेलं तेल तेवढं निघतं, खाली कारखाना चालूच. तास-दोन तासांत नाक पुन्हा चमकतं. आणि गाल? गालांवर मुळात तेल कमी, तेही प्रत्येक धुण्यात जातं. म्हणजे चूक कोणाची, तर नाकाची. शिक्षा कोणाला, तर गालांना. चोर सोडून संन्याशाला फाशी! मिश्र त्वचेच्या निम्म्या तक्रारी मला वाटतं इथेच आहेत.

साबणाचं एक सांगते. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. आंघोळीच्या नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. धुतल्यावर तो करकरीत स्वच्छपणा वाटतो ना, भांडं घासल्यासारखा, तो चांगुलपणाचा पुरावा नाही. गालांच्या वरच्या थरातले स्निग्ध पदार्थ निघून गेल्याची ती खूण आहे. फेसवॉश असा हवा की तोंड पुसल्यावर पाच मिनिटांनी तुम्हाला गालांची आठवणच येऊ नये. 'ऑइल कंट्रोल', 'डीप क्लीन' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं मिश्र त्वचेसाठी मी तरी उचलणार नाही. सकाळी एकदा, रात्री एकदा, बस. मधे नाक चमकलं तर टिश्यूनं टिपून घ्या. टिपायचं, घासायचं नाही.

बरं, काही खरेदी करायच्या आधी एक साधी परीक्षा करा. सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा, पुसा आणि तासभर काहीही लावू नका. पावडरसुद्धा नाही. मग टिश्यूचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर दाबा. डाग कुठे उमटला, कुठे नाही, तो तुमचा नकाशा. आणि हा नकाशा ऋतूप्रमाणे बदलतो हं. जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत गालही तेलकट वाटतील. तीच बाई मे महिन्यात नागपूरला माहेरी गेली, किंवा डिसेंबरात पुण्याला, की गालांना पापुद्रे. म्हणून वर्षभर एकच क्रीम हा हट्ट सोडा.

आता आपल्या घरातल्या दोन गोष्टी. रागवू नका.

पहिली, केसांचं तेल. रात्री चप्प तेल लावून झोपायचं, ते उशीला लागतं, कपाळावर उतरतं. केसांच्या रेषेलगत बारीक बारीक पुटकुळ्या येतात आणि आपण म्हणतो, माझं कपाळ फार तेलकट. अहो, ते तेल तुमचं नाहीच, बाटलीतलं आहे! त्वचेचे डॉक्टर ह्याला पोमेड ॲक्ने म्हणतात. तेल लावायचं तर न्हायच्या आधी तासभर लावा, कपाळ पुसा, उशीचा अभ्रा बदला. खोबरेल हातापायांच्या कोरड्या कातडीला फार छान, पण नाक-कपाळावर रंध्रं बुजवतं.

दुसरी गोष्ट जरा नीट ऐका, कारण इथे भलेभले फसतात. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घडीत आणि भुवयांमध्ये पापुद्रे सुटतात, जरा लालसर, जरा पिवळट. माणूस म्हणतो, बघा, नाक तेलकट पण शेजारी कोरडं, मिश्रच त्वचा! आणि तिथे रात्री तेल किंवा साय चोळतो. पण तो कोरडेपणा नसतो. डोक्यातल्या कोंड्याचा तो भाऊ. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर राहते आणि तेलातल्या स्निग्धाम्लांवर जगते. तिला तुम्ही रोज रात्री जेवण वाढताय. पापुद्रे नेमके तेलकट जागीच येत असतील आणि डोक्यात कोंडाही असेल, तर क्रीम बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. साधं औषध लागतं.

लिंबाचा रस मात्र कुठेच नको. त्याचा पीएच २ च्या आसपास. गाल चुरचुरतात, आणि लावून उन्हात गेलात तर काळे डाग पडू शकतात. मुलतानी माती चालेल, पण फक्त नाक-कपाळ-हनुवटीवर, आणि पूर्ण वाळून तडकायच्या आत धुवायची. गालांना लावायचीच कशाला?

हो, आणि नाकावरचे काळे ठिपके मळ नसतात. रंध्रात अडकलेलं द्रव्य हवेशी संपर्क आल्यावर आणि त्यातल्या रंगद्रव्यामुळे काळं दिसतं. अक्रोडाच्या सालीचा स्क्रब घेऊन ते खरवडणं म्हणजे भिंतीवरची सावली पुसणं.

तर घ्यायचं काय? माझ्या मते चारच वस्तू, त्यातली एक ऐच्छिक.

फेसवॉशचं बोलून झालं. मॉइश्चरायझर हवंच, तेलकट भागालाही. पातळ, जेलसारखं किंवा हलकं लोशन सगळ्या चेहऱ्याला, आणि थंडीत गालांवर त्यावरून जरा घट्ट क्रीमचा दुसरा हात. दोन वेगळे संच घ्यायची गरज नाही, एकाच गोष्टीचं प्रमाण बदलायचं. यादीत ग्लिसरीन असावं, सेरामाइड असेल तर गालांसाठी उत्तम. नायसिनमाइड ह्या दोन्ही प्रांतांना चालतं. ते त्वचेचा वरचा थर सुधारतं आणि तेलकटपणावरही थोडं काम करतं. पण दहा टक्क्यांच्या मागे धावू नका, चार-पाच टक्के पुरतात. जास्त टक्क्यांनी कित्येकींचे गाल लाल होतात.

सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, आणि पीए बघा, निदान तीन अधिक चिन्हं. ५० चं घेतलं तर वीस गुणांनी जास्त संरक्षण मिळतं असं नाही. ३० वालं सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० वालं ९८. खरा घोळ प्रमाणात होतो. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर भरून दोन रेघा लागतात, आपण लावतो वाटाण्याएवढं. तेलकट होतं म्हणून सनस्क्रीन सोडणारे फार, त्यांनी जेल घ्यावं. आणि ज्यांना वांग आहेत त्यांनी रंगीत सनस्क्रीन घ्यावं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांगाला नुसते अतिनील किरण नाही, दिसणारा उजेडही वाढवतो.

चौथं, ऐच्छिक : सॅलिसिलिक ॲसिड, एक किंवा दोन टक्के. हे तेलात विरघळतं, म्हणून तेलानं भरलेल्या रंध्रात शिरू शकतं. पण रात्री, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि फक्त त्या 'टी' पट्ट्यावर. गालांवर नाही! एवढं एक पाळलंत तरी आजचा भाग ऐकल्याचं सार्थक झालं.

आता माझ्या लॅबमधली एक युक्ती देते. डबीच्या मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते. एक टक्क्याच्या वर असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे, त्याखालचे कसेही, असा नियम आहे. मग एक टक्क्याची रेघ ओळखायची कशी? यादीत बहुतेक वेळा फेनॉक्सीइथेनॉल सापडेल. हे टिकवण्याचं द्रव्य आहे आणि ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. त्याच्या नंतर जे जे आलं ते एक टक्का किंवा त्याहून कमी. समोर मोठ्या अक्षरात 'नायसिनमाइड युक्त', आणि मागे ते फेनॉक्सीइथेनॉलच्याही खाली, तर ते नुसतं नावाला आहे. ह्याला अपवाद आहेत. हायल्युरोनिक ॲसिड किंवा रेटिनॉल एक टक्क्याच्या आतच काम करतात. पण केशर, चंदन, सोन्याचे कण वगैरे तुम्हाला नेहमी रेघेखालीच भेटतील. (हसत) आम्ही लॅबमध्ये त्याला 'देवाचा प्रसाद' म्हणायचो.

'नॉन-कॉमेडोजेनिक', 'डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड' ह्या शब्दांना फार भुलू नका, त्यामागे एकच ठरलेली कसोटी नाही. नवीन वस्तू एका वेळी एकच सुरू करा. आधी कानाखाली जबड्याजवळ चार-पाच दिवस लावून बघा, आणि मग सहा ते आठ आठवडे द्या. दर पंधरा दिवसांनी बदललंत तर काय लागू पडलं हे कळणारच नाही.

आता त्या मुलीचं. माझ्या मैत्रिणीची भाची, लग्न ठरलेलं. मावशीनं मला फोन केला, "अगं, हिची त्वचा मिश्र आहे, हिला एखादं चांगलं क्रीम सांग." मी म्हटलं, फोटो पाठव. गाल लालबुंद, बारीक शिरा दिसताहेत, कपाळ-हनुवटीवर पुरळ. म्हटलं, गाल कोरडे वाटतात की त्यांची आग होते? म्हणाली, "मावशी, आग होते. उन्हात तर फारच. चुलीपाशीसुद्धा." हा फरक महत्त्वाचा. कोरडी त्वचा ओढते, खाजते. साध्या पाण्यानंही आग होत असेल, तर काहीतरी वेगळं चाललंय.

म्हटलं, काय लावतेस त्याचा फोटो पाठव. ट्यूब. मेडिकलच्या दुकानातून आणलेली, मैत्रिणीनं सांगितलेली, सात महिने रोज रात्री. ट्यूबवर तीन नावं : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. तिसरं नाव स्टेरॉइड.

अशी औषधं डॉक्टर देतात, वांगासाठी, ठरावीक आठवड्यांसाठी, लक्ष ठेवून. वाईट आहे ते मनानं लावणं. स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळ दिसतो, पुरळ बसतं. माणूस खूश. मग हळूहळू त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, कधी लव वाढते. आणि बंद केलं की सगळं उसळून वर येतं, म्हणून माणूस पुन्हा लावतो. गाल नाजूक, कपाळावर पुरळ, दिसायला अगदी 'मिश्र त्वचा'! आपल्याकडे हे इतकं झालंय की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलं, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. २०१८ मध्ये सरकारनं अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ट्यूब मिळतेच.

म्हणून ट्यूब हातात आली की मागे बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. आरएक्स हे चिन्ह किंवा लाल रेघ असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. आणि महिनोन् महिने लावत असाल तर हे ऐकून आज रात्री एकदम फेकून देऊ नका, ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. कसं थांबवायचं ते त्यांना ठरवू द्या.

ती गेली. डॉक्टरांनी तिची आठ प्रसाधनं बंद केली आणि औषधाबरोबर सौम्य फेसवॉश, एक साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच ठेवलं. पहिले काही आठवडे वाईट गेले, चेहरा आणखी लाल. साखरपुडा होता मधे, आई म्हणत होती, तेवढ्या दिवसापुरती ट्यूब लाव. तिनं नाही लावली. फोटोंत गाल लाल दिसतात, आणि तिनं ते तसेच ठेवलेत. लग्न फेब्रुवारीत झालं. परवा तिचा मेसेज आला : "मावशी, आग थांबली. नाक अजून चमकतं."

मी उत्तर पाठवलं, माझंही.

चला, पुढच्या भागात कोंड्यावर बोलू. येते.